थर्मलमध्ये दिसलं म्हणजे ओळखलं असं नसतं भाऊ

गेल्या आठ दिवसांत एकच पोस्ट मला चार जणांनी पाठवली, इथल्या टेक्सासमधल्या आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर तर दोनदा आली. मजकूर थोडक्यात असा की थर्मल स्कोप (म्हणजे उष्णता टिपून चित्र दाखवणारी, बंदुकीवर बसवायची दुर्बीण) लावला की रात्री डुकरं मारताना चूक होऊच शकत नाही, जे गरम तेच चमकतं, १८०० मीटरवरचं जनावर ओळखता येतं, झाडीच्या आरपार दिसतं, आणि माणूस असेल तर तो लगेच कळतो. खाली अंगठ्यांची रांग. मी डॅलसच्या उत्तरेला ओळखीच्या एका रँचवर पाच-सहा वर्षं जातोय, थर्मल माझ्याकडेही आहे आणि मला तो आवडतोही, पण हे वाचून गप्प बसवेना. इथे १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकरासाठी हंटिंग लायसन्सही लागत नाही, त्यामुळे काल बंदूक घेतलेला माणूसही आज रात्री शेतात उभा असू शकतो, आणि त्याने नेमकी हीच पोस्ट वाचलेली असू शकते.

आधी त्या १८०० मीटरचं बघू. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो हे खरं, पण तो 'काहीतरी आहे' एवढं कळण्याचा आकडा आहे, 'काय आहे' ते कळण्याचा नाही. हिशोब सोपा आहे. सेन्सरवरचा एक ठिपका म्हणजे पिक्सेल १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि लेन्स ३५ मिमीची, म्हणजे बऱ्याच जणांकडे असतो तसला स्कोप, त्यात १८०० मीटरवर एक पिक्सेल साधारण ६२ सेंटीमीटर जागा व्यापतो. सहा फुटी माणूस तिथे तीन पिक्सेल उंच आणि जेमतेम एक पिक्सेल रुंद. तीन ठिपके एकावर एक! त्यातून माणूस का खांब का वासरू हे ज्याला कळतं त्याला माझा दंडवत. ३०० मीटरवर आलात तरी पिक्सेल १० सेंटीमीटरचा, आणि अडीच फुटी डुक्कर सात पिक्सेल. १९५८ साली अमेरिकन लष्कराच्या जॉन्सन नावाच्या संशोधकाने यावर काम केलं, त्याचे निकष आजही वापरतात. त्या हिशोबाने आठेक पिक्सेल मिळाले तर कुठल्या प्रकारची वस्तू आहे ते समजतं आणि नक्की ओळख पटायला बारा-तेरा लागतात, तेही पन्नास टक्के वेळा. म्हणजे या स्कोपने डुक्कर ओळखायची मजल १७० मीटरच्या आसपास, हवा स्वच्छ असेल तर. धुकं आलं, पाऊस आला की अजून कमी. झूम वाढवून फायदा नाही, डिजिटल झूम तेच पिक्सेल ताणून मोठे करतं, माहिती तेवढीच राहते.

आता 'जे गरम ते जनावर'. दिवसभर तापलेला दगड रात्री नऊला पण छान चमकतो, पाण्याची टाकी चमकते. उलट चिखलात लोळून आलेलं डुक्कर अर्धं काळपट दिसतं. आणि सकाळ-संध्याकाळ अशी एक वेळ येते की जमीन आणि जनावर जवळपास सारख्याच तापमानाचे होतात, तेव्हा कडाच पुसट होतात.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगतो. रात्रीचे अकरा, ओढ्याच्या काठी दोनेकशे मीटरवर तीन गोळे, बुटके, गोलसर, मान नाही, गवतामुळे पायही दिसेनात. सोबतचा मित्र कानात म्हणतो, "डुकरंच रे, मार की." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. बंदुकीची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका, काढली नव्हती एवढंच. पाच मिनिटं तसाच थांबलो, थंडीने बोटं वाकडी झाली, आणि त्यातला एक गोळा उठला. उठताना आधी ढुंगण वर, मग पुढचे गुडघे. गावाकडे गोठ्यात जन्म गेला त्यामुळे पोटात गोळाच आला, कारण गाय-वासरू असं उठतं, डुक्कर आधी पुढचे पाय टेकवून बसतं आणि मग मागचं उचलतं. शेजारच्याची वासरं होती, कुंपण मोडून आलेली. स्कोपने मला चमक दाखवली, बाकीचं गोठ्याने शिकवलं.

झाडीच्या आरपार दिसतं हे तर सरळ चूक. पानाआडचं थर्मलला दिसत नाही, फटीतून जेवढी उष्णता येते तेवढीच दिसते, त्यामुळे दोन फटींमधून एका गाईचे दोन तुकडे दिसले की डोकं त्याची दोन डुकरं बनवतं. साधी काच सुद्धा उष्णतेचे हे किरण अडवते. म्हणजे पिकअपमध्ये काच वर करून बसलेला माणूस स्कोपात दिसतच नाही, बॉनेट तेवढं चमकतं.

त्यावरून 'माणूस लगेच कळतो' या मुद्द्यावर येऊ, मला सगळ्यात राग याचाच आलाय. जाड जॅकेट, टोपी, हातमोजे घालून झुडपाला टेकून बसलेल्या माणसाचा फक्त चेहरा उजळतो, लांबून तो सशाएवढा ठिपका. शिकारी एकमेकांना दिसावेत म्हणून घालतात ते केशरी जॅकेट तर निरुपयोगीच, थर्मलला रंग नसतो. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत पालघरमध्ये मनोरजवळ रानडुकराच्या शिकारीत सोबतच्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली गेली, ती शिकार बेकायदा होती तो भाग वेगळा, पण ठिपक्याला डुक्कर ठरवायची घाई इथे तिथे सारखीच.

पोस्टमध्ये जे लिहिलंच नाही ते म्हणजे जनावराच्या मागे काय आहे. थर्मलचं चित्र सपाट असतं, खोली कळत नाही, डुक्कर टेकाडासमोर आहे का टेकाडावर आहे हे रात्री कळत नाही, आणि चुकलेली रायफलची गोळी मैलभर पुढे सहज जाते. म्हणून मी दिवसा जाऊन घर, रस्ता, फीडर (जनावरांना दाणा टाकायचं यंत्र) कुठे ते बघून ठेवतो, आणि शोधायला वेगळा हातातला थर्मल वापरतो. बंदुकीवरच्या स्कोपने शेत न्याहाळायचं म्हणजे ज्याला न्याहाळताय त्याच्यावर नळी रोखायची, साधी गोष्ट आहे.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर पोस्ट टाकणाऱ्या दादांचं उत्तर, "तुमचा स्कोप स्वस्तातला असेल, १२८० सेन्सरचा (म्हणजे आडवे १२८० पिक्सेल असलेला) घ्या." दादा, पिक्सेल १२ मायक्रॉनचाच आणि लेन्स ३५ चीच ठेवली तर १२८० मध्ये फक्त शेत जास्त रुंद दिसतं, डुक्कर ३०० मीटरवर सातच पिक्सेलचं राहतं. बारा हवे असतील तर ६० मिमीची लेन्स लागेल, आणि त्याची किंमत एकदा वहिनींना सांगून बघा.