डीगचा राजवाडा पाण्याच्या वाटेने पाहावा

आग्रा, मथुरा, वृंदावन अशी सहल करून आलेल्या मराठी माणसाला डीगबद्दल विचारले, तर "ते कुठे आले?" असाच प्रश्न बहुतेकदा परत येतो. आपली मंडळी गोवर्धनपर्यंत जातात, परिक्रमा करतात आणि तिथूनच माघारी फिरतात. त्याच रस्त्याने थोडे पुढे, राजस्थानची हद्द ओलांडताच, भरतपूरच्या जाट राजांचा अठराव्या शतकातला राजवाडा आणि त्याची बाग आहे. ज्या थोड्यांनी तो पाहिला आहे, त्यांच्याकडून "चांगला आहे, पण कारंजी बंद होती" एवढेच ऐकायला मिळते. ही तक्रार मला मान्य नाही. ती का मान्य नाही, हे जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

डीग ही जाट राजा बदनसिंहांची राजधानी होती. पुढे महाराजा सूरजमल यांनी राज्याचा कारभार भरतपूरला नेला, तरी डीगवरची त्यांची माया कमी झाली नाही. किल्ल्याच्या शेजारी, दोन मोठ्या तलावांच्या मधल्या जागेत, त्यांनी महालांचा हा समूह उभारला. पश्चिमेला गोपाल सागर, पूर्वेला रूप सागर आणि मधोमध चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली बाग, अशी ही मांडणी आहे. गोपाल भवन, नंद भवन, सूरज भवन, किशन भवन, केशव भवन हे सारे महाल बागेकडे तोंड करून उभे आहेत. आपल्याला महाल आधी दिसतात आणि बाग ही त्यांच्यामधली मोकळी जागा वाटते. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे: इथे बाग आणि तिच्यातले पाणी हा मुख्य विषय आहे आणि महाल हे ते पाणी पाहत बसण्यासाठी बांधलेले सज्जे आहेत.

म्हणूनच डीगला गेल्यावर गोपाल भवनातल्या सामानापासून सुरुवात करू नये, तर दक्षिणेकडच्या किशन भवनाच्या बाजूचा, छताच्या उंचीवरचा अवाढव्य हौद आधी गाठावा. हा हौद विहिरींच्या पाण्याने भरला जाई आणि ते पाणी बैल जुंपून, चामड्याच्या मोटेने वर ओढले जाई. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या शेतकऱ्याला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की मोटेचे पाणी इथे पाटाने उसाला जात नव्हते, ते राजाच्या कारंज्यांना जात होते. हौद भरायला आठवडाभर लागे आणि कारंजी सुरू केली की तो काही तासांत रिता होई, असे सांगतात. पंप नाही, यंत्र नाही. उंचीवर साठवलेले पाणी खाली उतरताना जो जोर धरते, तेवढ्यावर सगळा कारभार चाले.

हौदाच्या भिंतीत ओळीने भोके आहेत आणि प्रत्येक भोकातून निघणारी नळी बागेतल्या ठरावीक कारंज्याकडे जाते. रंगीत कारंजी हवी असली, की कापडाच्या पुरचुंडीत रंग बांधून ती पुरचुंडी त्या त्या भोकात बसवायची. वाहते पाणी रंग घेऊन पुढे जाई आणि एका रांगेत लाल, दुसऱ्या रांगेत हिरवे पाणी उडे. कोणते भोक कोणत्या कारंज्याचे, हे ध्यानात ठेवणारी माणसे इथे असली पाहिजेत. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत, पण मला राजापेक्षा त्यांचेच कौतुक अधिक वाटते. हातात भोकांचा हिशेब आणि समोर दरबार ताटकळलेला, अशा वेळी चूक करून चालणार नव्हते.

हौदापासून पाण्याच्या मागोमाग बागेतून चालत गेले, की पूर्वेला रूप सागराच्या काठावर केशव भवन येते. ही चारी बाजूंनी उघडी बारादरी म्हणजे मानवी हाताने घडवलेला पावसाळा आहे. आतल्या बाजूने फिरणारा पाण्याचा पाट, त्यात कारंज्यांच्या तोट्या आणि वर कमानींच्या माथ्यावरून पागोळ्यांसारखे पाणी गळावे अशी योजना. छताच्या पोकळीत दगडी गोळे ठेवलेले होते, पाण्याच्या दाबाने ते गडगडत आणि ढगांचा आवाज होई, असे म्हणतात. ब्रजभूमीचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला हा नुसता शौक वाटणार नाही. जिथे जेठ महिन्यात अंगाची काहिली होते, तिथे हवा तेव्हा पाऊस पाडून दाखवणे ही सत्तेची भाषा आहे, आणि ती तोफेपेक्षा कितीतरी देखणी आहे.

एवढे पाहून मग गोपाल भवनात जावे. हा महाल गोपाल सागराला भिडलेला आहे. बागेच्या बाजूने त्याची उंची पुरती कळत नाही, कारण तलावाच्या बाजूला त्याचे मजले खाली पाण्यापर्यंत उतरतात. उन्हाळ्यात वापरायचे ते हे खालचे थंड मजले. दोन्ही अंगांना सावन आणि भादों नावाचे दोन मंडप आहेत. आतले पंखे, कोच, मेजे हे सारे नंतरच्या काळातले आहे आणि ते पाहायला फार वेळ देण्याचे कारण मला दिसत नाही. समोरच्या चौथऱ्यावरची संगमरवरी हिंदोळ्याची कमान मात्र थांबून पाहावी. ती मोगलांच्या वाड्यातून विजयचिन्ह म्हणून आणली गेली, असे मानतात.

मराठी माणसाने इथे येण्याचे आणखी एक कारण आहे. सदाशिवरावभाऊ आणि सूरजमल यांचे बिनसले आणि पानिपतच्या आधीच सूरजमल छावणी सोडून गेले, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्या रुसव्याचा उच्चार आपण जितक्यांदा करतो, तितक्यांदा पुढची गोष्ट सांगत नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर उपाशी, जखमी, थंडीने काकडलेले आपले लोक दक्षिणेकडे निघाले, तेव्हा अब्दालीचा रोष ओढवण्याचा धोका पत्करून सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई याच राज्यात सुखरूप राहिल्या. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमी अवस्थेत इथवर पोहोचला, पण वाचला नाही. आणि हे सारे कधी? त्याच्या सातच वर्षे आधी, १७५४ मध्ये, मराठी फौजांनी याच सूरजमलांच्या कुंभेरला वेढा घातला होता आणि त्या वेढ्यात खंडेराव होळकर, म्हणजे अहिल्याबाईंचे पती, तोफेच्या गोळ्याने ठार झाले होते. पुढे १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांची फौज इंग्रजांशी लढली, तीही डीगच्या तटाखालीच.

आता त्या तक्रारीकडे येतो. कारंजी रोज चालू ठेवावीत, म्हणजे पर्यटक वाढतील, असे अनेकांचे म्हणणे असते. वीजपंप बसवला तर ते अवघडही नाही. पण डीगची कारंजी रोज उडण्यासाठी नव्हतीच. आठवडाभराचे कष्ट आणि काही तासांचा सोहळा, हे प्रमाणच त्या योजनेचा गाभा आहे. आजही ती होळीच्या सुमारास ब्रज महोत्सवात आणि भाद्रपदातल्या जत्रेत, अशी मोजक्या वेळी सुरू करतात, आणि हेच योग्य आहे. जुन्या नळांवर रोज दाब देणे आणि पाण्याची ओढ असलेल्या मुलखात रोज एवढे पाणी उडवणे, दोन्ही मला गैर वाटते. करायचेच असेल तर हौदापासून कारंज्यापर्यंतचा पाण्याचा मार्ग दाखवणारा एक स्वच्छ नकाशा आणि एकाच तोटीचे चालते प्रात्यक्षिक ठेवावे. पाहणाऱ्याला राजवाडा कळायला तेवढे पुरेसे आहे.

जायचे असेल तर भरतपूरहून निघावे. वाटेत कुंभेर लागते आणि जवळच गागरसोलीला खंडेरावांची छत्री आहे, तिथे आधी थांबावे. मग डीग आणि तिथून गोवर्धनमार्गे मथुरा, असा हा प्रवास एका दिवसात आरामात होतो. महोत्सवाच्या दिवसांत कारंजी दिसतात, पण गर्दीत हौदाजवळ उभे राहून काही समजून घेता येत नाही. मला विचाराल तर श्रावणात जावे, तलाव भरलेले असतात.