लिंपणाऱ्या बायकांना विचारा, म्हणता ना?

नमस्कार. लोकवास्तूवरच्या, म्हणजे लोकांनी स्वतःच बांधलेल्या पारंपरिक घरांवरच्या, माझ्या लेखाबद्दल तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंय. तुमचं म्हणणं: सिमेंटच्या फ्लॅटमध्ये बसून मातीच्या घरांचे गोडवे गाणं सोपं आहे. दरवर्षी भिंती लिंपणाऱ्या बायकांना विचारा. आणि ज्या गावकीचं मला एवढं कौतुक, ती माणसाला श्वास घेऊ देत नाही.

फ्लॅटचं कबूल. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मी माणूस बोलावतो.

गावकीचंही बरंचसं कबूल. जपानमधल्या शिराकावा-गो या खेड्यात घरांच्या उतरत्या छपरांचं गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलतात, तेव्हा शे-दोनशे माणसं जमतात. या श्रमांच्या देवाणघेवाणीला तिथे ‘युई’ म्हणतात. लेखात मी एवढंच सांगितलं. पण जपानी खेड्यांमध्ये ‘मुरा हाचिबु’ही होतं, म्हणजे वाळीत टाकणं. दहा प्रसंगांपैकी आठांत संबंध तोडायचे, उरलेल्या दोनांत, आग लागली किंवा मयत झाली तर, तेवढी मदत करायची, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. हे लपवायचं नव्हतं, पण लिहिलं नाही हे खरंच.

आता लिंपण. इथे मात्र तुमचं-माझं जमत नाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये रांचोस दे ताओसला कच्च्या विटांचं एक जुनं चर्च आहे. दरवर्षीच्या लिंपणाची कटकट नको म्हणून 1967 मध्ये त्याला सिमेंटचा गिलावा केला. म्हणजे तुमचंच म्हणणं तिथल्या लोकांनी अमलात आणलं! सिमेंटला बारीक भेगा पडल्या, त्यांतून पाणी आत गेलं, आणि ते बाहेर पडायला वाट उरली नाही. मातीची भिंत ओली होते तशी वाळतेही. वरून सिमेंट चढवलं की ती आतल्या आत भिजत राहते, आणि हे बाहेरून दिसत नाही. 1979 मध्ये सगळं सिमेंट खरवडून काढावं लागलं. तेव्हापासून लोक दर उन्हाळ्यात पुन्हा माती, वाळू, पेंढा नि पाणी कालवतात आणि तळहाताने भिंतीवर थापतात. एकदा सोडलेलं काम त्यांनी अनुभवाने परत घेतलं. याला भाबडेपणा कसं म्हणायचं?

आणि बायकांचं म्हणाल, तर तिथल्या स्पॅनिशमध्ये लिंपणारीला ‘एन्हार्रादोरा’ म्हणतात. हे काम परंपरेने बायकांचं, म्हणून शब्दही स्त्रीलिंगी. (‘गवंडी’ म्हटल्यावर मराठी वाचकाला बाई दिसते का?) कंबर मोडत असेल, नाकारत नाही. पण मिश्रणात वाळू किती, पेंढा किती, थर कधी वाळला, हे ओळखणारी ती कारागीर होती. तुमच्या प्रतिक्रियेत ती नुसतीच बिचारी झाली आहे.

तरी तुमच्या बाजूचा सर्वात भक्कम दाखला तुम्ही दिलाच नाहीत, म्हणून मीच देतो. 1940 च्या दशकात वास्तुकार हसन फाथी यांनी इजिप्तमध्ये लक्सरजवळ नवं गुर्ना गाव मातीच्या विटांनी, घुमट-कमानींनी उभारायला घेतलं. जुन्या गुर्नाचे लोक तिथे जायला तयार होईनात. त्यांची घरं नि पोट दोन्ही प्राचीन थडग्यांच्या आधाराने होती, आणि त्यांच्या लेखी घुमट थडग्यावर शोभतो, घरावर नाही. माती अस्सल होती, पण गाव हलवायचा निर्णय सरकारचा आणि आराखडा फाथींचा.

हा परिच्छेद मूळ लेखात हवा होता. आज रात्री घालतो, मुरा हाचिबुसकट.