मामा, ते प्रतिज्ञापत्र कोणी मिळवून दिलं?

माझी भाची कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत मतदारांच्या हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत जायचं तिने ठरवलं होतं. परवा घरच्या ग्रुपवर मामांनी खास तिच्यासाठी म्हणून एक मजकूर टाकला. त्यात म्हटलंय, की लोकशाहीतल्या सगळ्या सुधारणा निवडून आलेल्या सरकारांनी केल्या, एनजीओवाल्यांनी नुसती कोर्टबाजी केली. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही, पैसा परदेशातला, आणि माहिती अधिकार म्हणजे खंडणीचा धंदा. महिनाभरात हा मजकूर मला तिसऱ्यांदा आला. दोनदा सोडून दिला. पण आता पोर विचारतेय, 'मावशी, जाऊ की नको?' म्हणून लिहिते.

मामा, गेल्या विधानसभेच्या वेळी आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांचा तक्ता तुम्हीच ग्रुपवर टाकला होतात. कोणावर किती गुन्हे, किती जमीन, बायकोच्या अंगावर किती तोळे सोनं. ही सगळी माहिती उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातून, फॉर्म 26 मधून येते. ते प्रतिज्ञापत्र कोणत्या सरकारने दिलं? कोणत्याच नाही. 1999 मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) ही संस्था काढली आणि उमेदवारांनी आपल्यावरचे गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तर केंद्र सरकारच त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2 मे 2002 ला तिथेही सरकार हरलं.

पुढचं नीट वाचा. जुलैत सर्वपक्षीय बैठक झाली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकमुखाने म्हणाले, हे आम्हाला चालणार नाही. ऑगस्टमध्ये अध्यादेश आला. राष्ट्रपती कलामांनी तो परत पाठवला. मंत्रिमंडळाने होता तसाच पुन्हा पुढे केला, तेव्हा त्यांना सही करावी लागली. मग त्याचा कायदा झाला आणि त्यात कलम 33-ब घातलं. न्यायालयाने काहीही सांगितलेलं असो, कायद्यात लिहिलंय तेवढंच उमेदवाराने सांगायचं, असा त्याचा अर्थ. पुन्हा संस्थाच न्यायालयात गेल्या. 13 मार्च 2003 ला पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. बाकी काही वाचू नका, एवढा एक निकाल वाचा. निवडून आलेले सगळे एका बाजूला आणि मतदार दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली तेव्हा मतदाराच्या बाजूने कोण उभं होतं, ते त्यात कागदावर आहे.

'निवडून दिलेलं नाही' हा मुद्दा मला कळतच नाही. त्यांनी कायदा केला नाही, न्यायालयात दाद मागितली. ती मागायला निवडून यावं लागत नाही. तुम्हीही मागू शकता. 'नोटा'चं बटण 2013 मध्ये असंच आलं. पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे निवडणूक रोखे 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द झाले, तेही अशाच याचिकांवर.

परदेशी पैसा? मार्च 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं, की परदेशी मालकीच्या वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप दोघांनीही परदेशी देणग्यांचा कायदा मोडला. याचिका करणाऱ्यांत एडीआर होती. त्यावर संसदेने काय केलं? 2016 आणि 2018 च्या वित्त विधेयकांतून परदेशी देणगीची व्याख्याच बदलली, तीही मागे 1976 पर्यंत लागू होईल अशी. संस्थांच्या हिशेबांची तपासणी जरूर व्हावी. पण पक्षांना सूट आणि संस्थांवर संशय, हे मला मान्य नाही.

राहिली माहिती अधिकारातली खंडणी. हे अर्धं खरं आहे, आणि कबूल करताना जीव तुटतो. माहिती मागवायची, बांधकामातली खोट शोधायची आणि बिल्डरकडून पाकीट घ्यायचं, असे लोक आहेत. आमच्या तालुक्यातही एक आहे. पण हा कायदा आला कुठून ते बघा. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. अशा सुनवायांत सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. एकेक नाव उच्चारलं जाई आणि लोक उठून सांगत, हा तर कामावर गेलाच नव्हता, हा तर कधीच वारला. एप्रिल 1996 मध्ये ब्यावरला हेच लोक माहितीच्या हक्कासाठी 40 दिवस धरणं धरून बसले. केंद्राचा कायदा लागू झाला 12 ऑक्टोबर 2005 ला. आपल्या तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार उघडे करणाऱ्या सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 च्या सकाळी, फिरायला निघाले असताना, भररस्त्यात खून झाला. तुमच्या मजकुरात त्यांचं नाव कुठे आहे?

आणि खंडणीवर उपाय हवा असेल तर तो त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. कार्यालयाने परवानग्या, खर्च, लाभार्थींच्या याद्या आपणहून जाहीर करायच्या. नकाशा आणि परवानगी नगरपालिकेच्या फलकावर लागली, तर ती दडवण्याचे पैसे कोण कोणाला देईल?

भाचीला मी जायला सांगितलंय, मामा. तुम्ही त्याआधी तो निकाल वाचा आणि मग तिच्याशी बोला.