बिस्कुपिनचं लाकूड पाण्यानं राखलं

पोलंडमधल्या बिस्कुपिन इथल्या प्राचीन लाकडी वस्तीवरच्या तुमच्या लेखात तिचे खांब ‘ओकच्या मजबुतीमुळे’ टिकले असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. निम्म्याहून जास्त लाकूड इ.स.पू. 738-737च्या हिवाळ्यात तोडलेलं. ते तळ्याकाठच्या ओल्या गाळात गाडलं गेलं आणि तिथे ऑक्सिजन नसल्यानं कुजवणारी बुरशी वाढलीच नाही. पुढे तळ्याची पातळी उतरली, खांबांची टोकं वर आली आणि 1933 मध्ये तिथले शिक्षक वालेन्ती श्वायत्सर यांच्या नजरेस पडली. धोकाही तिथूनच सुरू झाला! पाणी प्यायलेलं लाकूड उघड्यावर वाळलं की आतल्या पेशी बसतात, ते आकसतं, चिरा पडतात. म्हणून मूळ अवशेष पुन्हा मातीखाली ओलाव्यात ठेवलेत. लेखासोबतच्या फोटोतला तट आणि घरं ही पुनर्बांधणी आहे. कृपया फोटोखाली तसं लिहा.