चोक ओढून धरल्यानेही चेनसॉ अडते

पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटायची वेळ आली, की इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो: ‘चेनसॉ सुरू होत नाही? चोक पूर्ण लावून दोरी ओढत राहा. तरी नाही, तर पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू मोकळे करा.’

यातला चोक तेवढा खरा, तोही अर्धाच. थंड मशीनला चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, लागतो. पण इंजिन एकदा ‘फट्’ करून बंद पडलं, की चोक एक खाच मागे घ्यायचा. पुढच्या दोन-चार ओढींत ते धरतं. गोंगाटात हा आवाज हुकतो, माणूस चोकवरच ओढत बसतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं. मालव्याच्या मे महिन्यात तापलेली मशीन पुन्हा सुरू करताना तर चोकचं नाव नको.

पेट्रोल साचलंच, तर चेन ब्रेक लावा, स्विच बंद करा, चोक उघडा आणि स्पार्क प्लग काढा. दोरी सहा-आठ वेळा ओढा. भोकातून पेट्रोल उडतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा. जवळ विडी-काडी नको, प्लगची वायरही भोकापासून लांब. प्लग पुसून त्याच्या टोकांमधली फट 0.5 मिमी ठेवा, परत बसवा, स्विच चालू करा आणि चोकशिवाय ओढा.

हाच प्लग निदानही सांगतो. दहा-बारा ओढींनंतरही तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही: टाकीतला फिल्टर तुंबलेला, नळी तडकलेली किंवा कार्ब्युरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, कडक झालेला. ओला असून ठिणगी नसेल, तर आधी दुसरा प्लग लावून बघा.

ऑइल वाढवणं मात्र उलटंच. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण बहुतेक मशीनना 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली. पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच धरा. ऑइल वाढलं, की त्याच थेंबात पेट्रोल कमी येतं, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते. दोष बहुधा मिश्रणाच्या वयात असतो. पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं; महिन्याहून जुनं मिश्रण मशीनमध्ये घालू नका.

स्क्रूंचं काय? कडक डायफ्राम स्क्रू फिरवून मऊ होत नाही. आणि अंदाजाने फिरवताना ‘एच’, म्हणजे जास्त वेगावरचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू, जास्त आवळला गेला, तर पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही घटतं आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. सियागंज गाठून नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी एअर फिल्टर झटका, जाळी साफ करा.

सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडणारी मशीन वेगळी. ती निवल्यावर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा ‘फस्स’ आवाज आला आणि झाकण लावल्यावर ती लगेच धरली, तर टाकीचा हवेचा व्हेंट बुजलेला आहे.