कूलंट सेन्सरविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. आपला अभिप्राय वाचला. आपल्या गाडीचे जॉबकार्ड समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. आपली तक्रार अशी की, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, टेंपरेचर सेन्सर बदलण्याच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी आम्ही गाडी दोन दिवस ठेवली, गाडी तापत नसताना थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, आणि चार दिवसांनी इंजिनचा दिवा पुन्हा लागला तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकने सेन्सर बदलताच तो विझला. म्हणजे दोष पहिल्यापासून सेन्सरमध्येच होता, असे आपले म्हणणे. यातील एक चूक आमचीच दिसते, परंतु हा निष्कर्ष मला मान्य नाही.

गाडी आली तेव्हा स्कॅनरवर पी०१२८ हा कोड होता. इंजिन अपेक्षित वेळेत अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचले नाही, एवढेच तो सांगतो. कोणता भाग बिघडला हे सांगत नाही. सेन्सर चुकीचे सांगतो आहे की इंजिन खरोखरच थंड राहते आहे, हे ठरवण्यासाठी पूर्ण निवलेले इंजिन लागते आणि त्यासाठी गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली, तेव्हा कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले. सेन्सर काढून गरम पाण्यात मोजला, तेव्हा तापमान वाढेल तसा त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहमपासून ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरला. निरोगी सेन्सर असाच वागतो.

त्यानंतर गाडी पंचवीस मिनिटे चालवली, तरी कूलंट ६८ अंशांच्या वर गेले नाही, आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरनेही साधारण तेच दाखवले. रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप सुरुवातीपासूनच कोमट होत होता. थर्मोस्टॅट चांगला असता तर तो पाइप बराच वेळ गार राहून, झडप उघडताच झपाट्याने तापला असता.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की गाडी तापते, हे सर्वांना ठाऊक असते. उघडा अडकलेला मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘तापमानाचा काटा खालीच राहतो, म्हणजे इंजिन थंड आहे, चांगलेच आहे,’ असे आपण म्हणाला होतात. (अनेक गाड्यांत तो काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे तो खाली दिसला तर दुर्लक्ष करू नये.) इंजिन थंडच आहे असे समजून ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज घटते, आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. मायलेज घटल्याची आपली तक्रार जॉबकार्डवर पहिल्याच ओळीत आहे.

आता चार दिवसांनंतरच्या दिव्याविषयी. अभिप्रायासोबत आपण जोडलेल्या छायाचित्रात कोड पी०११८ आणि कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसते. चालू इंजिनचे कूलंट एवढे थंड असू शकत नाही. सेन्सरचे सर्किट तुटले की असा आकडा येतो, आणि अशा वेळी बहुतेक गाड्या खबरदारी म्हणून रेडिएटरचा फॅन सतत फिरवतात. म्हणजे हा पहिला दोष नव्हे, दुसराच आहे. तपासणीसाठी सेन्सरचे कनेक्टर आम्हीच काढले होते. त्याचे प्लॅस्टिकचे लॉक नीट बसले नसावे किंवा काढताना मोडले असावे, अशीच दाट शक्यता आहे, आणि ते पाहणे आमचे काम होते. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. सेन्सर बदलताना कनेक्टर पुन्हा दाबून बसवले गेले, म्हणून दिवा विझला असावा. परंतु लॉक मोडलेले असेल तर खड्ड्यातून जाताना ते पुन्हा सुटेल.

थर्मोस्टॅट बदलण्यापूर्वी हे सर्व आपल्याला समजावून सांगायला हवे होते. ‘काम सुरू करतो’ एवढाच फोन पुरेसा नव्हता.

गाडी आणि काढलेला जुना सेन्सर, दोन्ही घेऊन या. कनेक्टर आम्ही विनामूल्य बदलून देऊ आणि सेन्सर आपल्यासमोर मल्टिमीटरवर मोजू. तो बिघडलेला निघाला, तर तपासणीचे सर्व पैसे परत करीन आणि याच उत्तराखाली तसे लिहीन.