हिंमतराव बर्फ बघून थांबतात

मी मूळचा चिपळूणचा. तिकडे आभाळातून जे पडतं ते आपलं आपण वाहून जातं (जाताना घरातलं सामानही नेतं, पण ते सोडा). पडल्या जागी ठाण मांडून बसणारं पाणी मी पहिल्यांदा बघितलं ते अमेरिकेत, मिनेसोटात.

२०२२-२३च्या हिवाळ्यात आमच्या मिनिआपोलिसला ९० इंच स्नो पडला आणि माझी कंबर गेली. शेजारच्या आजोबांना त्याचं काही नाही, त्यांचं दर वेळी एकच, "हा कसला स्नो, १९९१च्या हॅलोविनला बघायला हवा होतास, एका झटक्यात २८ इंच!" मी मात्र कंबर शेकत हिशोब मांडला. ड्राइव्हवे, म्हणजे गराजपासून रस्त्यापर्यंतची वाट, ५ बाय १६ मीटर, सहा इंच पडला की १२ घनमीटर, अगदी भुसभुशीत ताजा धरला तरी घनमीटरला १०० किलो, म्हणजे बाराशे किलो बर्फ मी फावड्याने उपसतो. आणि ते उपसून चहा टाकेपर्यंत सिटीचा प्लाऊ (पुढे पातं लावलेली, बर्फ ढकलणारी गाडी) येतो आणि रस्त्यावरचा सगळा दाबलेला बर्फ आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घातल्यासारखा लावून जातो.

बायको म्हणाली, बर्फ लांब उडवणारं यंत्र मिळतं ना, स्नोब्लोअर, ते घे. शहाण्या माणसाने घेतला असता. पण मी सेंट पॉलच्या विंटर कार्निव्हलला कॉलेजच्या पोरांची आपोआप चालणाऱ्या स्नोप्लाऊंची स्पर्धा बघून आलेलो, २०११ला सुरू झालेली, आणि डोक्यात किडा वळवळायला लागलेला, की पोरांना जमतं तर मला का नाही.

मग जुन्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या मोटारी आणल्या, पुढे पत्र्याचं पातं, वर जीपीएस. आणि नाव! इथलं रस्ते खातं लोकांकडून प्लाऊसाठी नावं मागवतं, एकाचं नाव चक्क प्लाऊई मॅकप्लाऊफेस आहे. आम्ही ठेवलं हिंमतराव, म्हटलं त्यात हिम आयताच आहे.

पहिल्या दिवशी हिंमतरावांनी निम्मं लॉन स्वच्छ केलं. साध्या जीपीएसची चूक तीनचार मीटरची, आणि ड्राइव्हवे पाच मीटरचा, त्यामुळे त्यांच्या मते ते बरोबरच होते. मग आरटीके बसवलं, म्हणजे जागा ठाऊक असलेला दुसरा रिसीव्हर उपग्रहाच्या सिग्नलमधली चूक कळवत राहतो आणि अंदाज दोनेक सेंटिमीटरवर येतो. आता ते अगदी अचूक रेषेत जाऊन जागच्या जागी चाकं फिरवायला लागले.

हे मला सुचायला हवं होतं. बर्फावर घर्षण वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा, यंत्र ४५ किलोचं, म्हणजे ढकलायला जोर मिळणार नऊ किलोचा. चाकांना साखळ्या बांधल्या, तरी वजन हवंच. गराजमध्ये इंडियन स्टोअरमधून आणलेल्या सोना मसुरीच्या २० पौंडी दोन गोण्या होत्या, त्या वर लादल्या. एक गोणी दुसऱ्याच वळणावर सुटून बर्फात पडली आणि पात्याने तिचं पोट फाडलं. पांढऱ्यात पांढरं, निवडायचं कसं? सकाळी खारी मात्र खूश होत्या.

पुढे कोणी आलं तर थांबावं म्हणून लायडार लावला. तो लेझर सोडून अडथळा ओळखतो, पण पडणारा प्रत्येक कण त्याला अडथळाच वाटतो. म्हणजे बघा, बर्फ साफ करायला बनवलेलं यंत्र, आणि बर्फ पडायला लागला की हे एक पाऊल पुढे टाकणार नाहीत, चौकात नेता अडवल्यासारखे दिवे लुकलुकवत उभे. मी उणे १८मध्ये ग्लोव्ह्ज काढून, बोटं बधिर, मांडीवर लॅपटॉप घेऊन सेटिंग बदलतोय, हातातून सुटलेला बारका स्क्रू बर्फात टुपकन एवढंसं भोक पाडून गडप झालाय, आणि आई व्हिडिओ कॉलवर, "अरे, त्याला आत घे रे आधी, गारठला असेल तो. आणि तुझी टोपी कुठाय?"

टोपी हिंमतरावांच्या बॅटरीवर होती. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, खराब होते, त्यामुळे रोज रात्री ती घरात आणायची. आमच्या घरात ऊब येते अशी एकच जागा, किचनमधली हीटरची जाळी, आणि तिथे गेली आठ वर्षं दह्याचं भांडं असतं. मी ते हळूच बाजूला सरकवलं, बॅटरी ठेवली.

त्या रात्री परत सात इंच पडला. सकाळी हिंमतराव प्लाऊच्या बांधात नाक खुपसून अडकले, त्यांना काढायला मी फावडं घेतलं, आणि काढेपर्यंत बराचसा ड्राइव्हवे माझ्याच हाताने साफ झाला. उरलेला शेजारच्या आजोबांनी त्यांचा स्नोब्लोअर आणून पाच मिनिटांत उडवला. १९९१बद्दल काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

दमून आत आलो, म्हटलं काही नको, नुसता दहीभात दे.

बायकोने आधी दुधाचं दूधच राहिलेलं भांडं माझ्यासमोर ठेवलं, मग तांदळाचा रिकामा डबा.